वीणा खाली ठेवू नये



“कीर्तन झालं, काला झाला, प्रसाद घेऊन मंडळी घरी गेली. आता त्या कीर्तनाची फीत कपाटात जपून ठेवायची ती कशासाठी?” असे आपल्यातली जाणती माणसे विचारतात. त्यांचा प्रश्न झिडकारून टाकण्याजोगा नाही. ते म्हणतात, नामाला साठवण लागत नाही, ते रोज नवे घ्यायचे असते. गुरूने म्हटले, शिष्याने झेलले, असे शतकानुशतके चालत आले; मध्ये यंत्र हवे कशाला? शिवाय ज्याला संग्रह सोडायला सांगितला, त्यानेच आवाजांचा संग्रह करावा, हे कसे? तेव्हा आवाज जपून ठेवणे हा परिग्रह की सेवा, हे एकदा शांतपणे पाहिले पाहिजे.

राहुरीकडच्या माणसाला उत्तर शोधायला लांब जायला नको. ताहराबाद हे गाव राहुरी तालुक्यातलेच. तेथे महिपतीबोवा (१७१५–१७९०) राहत. घरी कुलकर्णीपणाची वृत्ती होती. परंपरा अशी सांगते की, सरकारी कामाच्या बोलावण्याने भजनपूजनात विक्षेप आला, तेव्हा यापुढे लेखणी चालवीन ती संतांसाठीच, असा त्यांनी निश्चय केला. त्या लेखणीतून ‘संतलीलामृत’, १७६२ साली ‘भक्तविजय’ आणि १७७४ साली ‘भक्तलीलामृत’ उतरले. कुंभार, शिंपी, माळी, दळण दळणारी दासी, अशा कितीकांच्या कथा घरोघरी पोचल्या, त्या पुष्कळशा या ग्रंथांच्या वाचनामुळे. कोणी विचारावे, “बोवा, संत तर वैकुंठाला गेले, त्यांची चरित्रे लिहून ठेवण्याचा हा सोस कशाला?” बोवांनी हा सोस केला म्हणून तर आपण आज त्या संतांची नावे घेतो! आणखी एक गोष्ट त्यांनी केली. आपल्याला ही चरित्रे मिळाली ती नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्याकडून, हे त्यांनी ‘भक्तविजया’त उघड सांगितले. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव बुडवले नाही. जतनाचा पहिला धर्म हाच.

दुसरा धर्म शेजारच्या नेवाशाच्या संदर्भात ध्यानात येतो. जो ग्रंथ तेथे खांबाला टेकून सांगितला गेला असे आपण मानतो, त्याच्या नकलांवर नकला होत गेल्या आणि पाठात भेसळ शिरली. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. नाथांना स्वतःला ओवी रचता येत नव्हती काय? पण जपणाराने आपला हात आवरायचा असतो. आज एखाद्या जुन्या फितीतला खोकला, मध्येच रडलेले मूल, चुकलेला टाळ हे सारे काढून तिला “गोड” करून ठेवण्याचा मोह होतो. ऐकायला वेगळी प्रत खुशाल करावी. पण मूळ जसे आहे तसेच ठेवावे.

आता आवाजाकडे येऊ. वहीत शब्द राहिला, पण चाल राहिली नाही. तुकोबांनी कोणता अभंग कोणत्या सुरात आळवला, कोठे थांबले, हे कोणत्याही वहीत सापडायचे नाही. ते राहिले गळ्यातून गळ्यात, फडाफडांच्या वेगवेगळ्या वळणांनी, आणि जेथे गळा थांबला तेथे संपले. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे लोक कलकत्त्यास आले आणि हिंदुस्थानी गायकांचा आवाज तबकडीवर उतरू लागला. पण तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची! दोन-दोन तासांच्या कीर्तनाला तेथे जागा कोठली? गाण्याचा तुकडा उतरला. टाळकऱ्यांनी उचललेले धृपद आणि मंडपातली हाक बाहेर राहिली. पुढे टेप आली, १९६३ साली कॅसेट निघाली, तेव्हा कोठे सबंध कीर्तन एका जागी ठेवता येऊ लागले. तरी मानावे लागेल की यंत्रात आवाज येतो, संगत येत नाही. पण पूर्ण राहत नाही म्हणून जे राहते तेही टाकून द्यावे काय?

जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण घ्या. पहाटे दळताना आयाबाया विठ्ठलाला भाऊ म्हणत, पंढरीला माहेर म्हणत, सासरचा जाच जात्यालाच सांगत. गावात पिठाची गिरणी आली. बाईच्या हाताचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण जाते थांबले तशी ओवीही थांबत चालली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या टिपून घेतल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. पॉइतवाँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली गेल्या. पण ठेव गेली नाही. ‘पारी’ या संस्थेने २०१७ पासून या ओव्या लोकांपुढे मांडायला घेतल्या. तिची माणसे पुन्हा त्या गावांत गेली, गाणाऱ्या बायांना भेटली. प्रत्येक ओवीपाशी गाणारीचे नाव आहे, गाव आहे. ज्या बाईचे नाव रेशनकार्डाखेरीज कोठे लिहिले गेले नसेल, तिचे नाव तिच्या ओवीशेजारी लागले. महिपतीबोवांनी केले त्याच जातीचे हे काम नव्हे काय?

येथे कोणी म्हणेल, “अहो, देवाचं गाणं, त्याला मालक कोण? बाईलाच नावाची हाव नाही.” खरे आहे, तिला नसेल. पण तिची निरहंकारता ही तिची साधना आहे. आपण तिचे नाव न लिहिण्याला ती सबब होत नाही. तिने स्वतःला लहान म्हणावे, आपण तिला पुसून टाकू नये. आणि विचारल्यावाचून तर काहीच उतरून घेऊ नये. जाचाची ओवी तिने जात्यापाशी म्हटली, ती चव्हाट्यावर जावी की नाही हे तिने सांगायचे. कोणाच्या दुःखाच्या घरी झालेले कीर्तन सगळ्या मुलखाने ऐकावे असे नसते. चांगल्या संग्रहालयांत ठेव घेताना अटी लिहून घेण्याची रीत आहे: कोणी ऐकावे, प्रत कोणाला द्यावी, पैसा झाला तर कोणाचा. ही रीत कारकुनी वाटते खरी, पण तिच्यात माणसाचा मान राखला जातो.

मग परिग्रह कोठे आणि सेवा कोठे? आपल्या सप्ताहाकडेच पाहा. सात दिवस वीणा जमिनीवर ठेवायची नाही, असा दंडक. पहारे वाटून दिलेले असतात. रात्री दोनच्या पहाऱ्याला एखादा म्हातारा उठून येतो, वीणा गळ्यात घेतो, आपला वेळ उभा राहतो आणि पुढच्याच्या गळ्यात देऊन पाया पडतो. त्याच्या पहाऱ्यात वीणा त्याच्याजवळ असते, पण त्याची नसते. “माझीच वीणा” म्हणून तो घरी घेऊन गेला तर सप्ताह मोडला. आणि कंटाळून खाली ठेवली तरीही मोडला. संग्रहालयाचे काम असे पहारेकऱ्याचे आहे. जे संग्रहालय आवाज कुलपात घालते आणि ज्या गावचा त्याच गावाला ऐकू देत नाही, ते वीणा घरी नेते. कणगीतले बी पेरणीला बाहेर निघावे लागते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. ध्वनिमुद्रण ऐकून एखाद्या पोराने विसरलेली चाल पुन्हा उचलली, तर जतन सार्थकी लागले. गुरूची जागा यंत्र घेत नाही. पण गुरू गेल्यावर शिष्य पोरका होऊ नये एवढे ते करू शकते.

वीणा खाली ठेवणारे मात्र बहुतेक आपणच असतो. वैकुंठवासी बोवांच्या कॅसेटी खोक्यात भरून माळ्यावर पडतात. उष्म्याने आणि ओलीने फितीला बुरशी येते, तिच्यावरचा लेप सुटतो. फीत धड राहिली तरी ती वाजवणारे यंत्र मिळणे दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहे. शेवटी दिवाळीच्या साफसफाईत खोके भंगारवाल्याकडे जाते. आता मोबाईलवर कीर्तन उतरते. मोबाईल बदलला की तेही जाते. यूट्यूबवर टाकले म्हणजे जपले, असेही समजू नये. ते दाखवण्याचे ठिकाण आहे; ठेवीची हमी तेथे कोणी दिलेली नाही. एकाच ठिकाणी असलेली प्रत म्हणजे नसल्यासारखीच. तीन प्रती कराव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गावी ठेवावी, आणि दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवून घ्यावी. येथेही पहारा बदलावाच लागतो.

पण या साऱ्याच्या आधी करायचे काम बिनखर्चाचे आहे. बोवांबरोबर टाळ धरलेली म्हातारी माणसे अजून गावोगावी आहेत. त्यांच्या शेजारी बसून ती फीत एकदा लावावी आणि विचारावे: हा आवाज कोणाचा? मृदंगावर कोण? गाव कोणते, तिथी कोणती, निमित्त काय? चाल कोणाकडून आली? सांगतील ते कागदावर लिहून खोक्यात ठेवावे. बिननावाच्या फितीपुढे मोठ्यातले मोठे संग्रहालयही हात टेकते, कारण त्या आवाजाला ओळखणारी माणसे तेथे नसतात. ती आपल्या ओट्यावर बसलेली असतात. फीत आणखी दोन वर्षे टिकेल. ऐंशी वर्षांच्या टाळकऱ्याचा भरवसा कोणी द्यावा? तेव्हा येत्या एकादशीला भजन आटोपले की खोके खाली काढावे, आणि त्या म्हाताऱ्याला चहाला बोलवावे.