ओरिजिनल म्हणजे कोणासारखं?

पुलगावात फौजी गाडीचं कोणाला अप्रूप नाही. दारूगोळ्याचा एवढा मोठा डेपो गावाला लागून असल्यावर हिरव्या रंगाचं कौतुक किती दिवस राहणार? तरी पुण्याच्या एका मित्राला इंटरनेटवर जाहिरात दिसली, '१९४४ची फोर्ड जीप, पूर्ण ओरिजिनल, पुलगाव', आणि त्याला रात्री झोप येईना. मी वर्ध्याचा, जुन्या जीपांचा नाद असलेला. 'जरा बघून ये' हे काम माझ्याकडे आलं.

मालक निवृत्त शिक्षक. त्यांच्या वडिलांनी ही गाडी लिलावात घेतलेली. गुरुजींनी आधी चहा पाजला, मग शेडचं दार उघडलं. "पाहा भाऊ, काही लपवलं नाही."

मी पोतं अंथरून खाली शिरलो. महायुद्धातली जीप विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी एकाच आराखड्यावरून बनवली, त्यामुळे वरून पाहून फारसं कळत नाही. खालून कळतं. रेडिएटरखाली चासीच्या दोन दांड्यांना जोडणारा आडवा तुकडा विलीजमध्ये गोल नळीचा असतो, फोर्डमध्ये उलट्या पन्हाळीसारखा. इथे पन्हाळ होती. फोर्डनं आपल्या बोल्टांच्या डोक्यांवर 'एफ' उमटवला होता; पाच-सहा ठिकाणी तो सापडला. डाव्या दांड्यावरचा मळ रॉकेल आणि तारेच्या ब्रशनं काढला तेव्हा 'जीपीडब्ल्यू' आणि पुढचा नंबर दिसला. आरसी बुकातला नंबर तोच. समोरच्या जाळीला नऊ फटी. पुढच्या नागरी जीपांना सात असतात. तिथवर माझं काळीज धडधडत होतं.

मग मागे गेलो. मागे उघडणारा फाळका होता. युद्धातल्या जीपला फाळका नसतो. १९४७पासून मुंबईत महिंद्रा विलीजच्या जीपा जोडू लागले, पुढे इथेच बनवू लागले, आणि आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांवर त्यांचेच पत्रे चढत गेले. ही टपही तशीच. पायाखालचा पत्रा तेलाच्या ड्रमचा, वेल्डिंग गावठी पण पक्कं. इंजिन डिझेलचं. "पेट्रोल परवडत नव्हतं जी. बाबानंच बदलवलं," गुरुजी म्हणाले.

आणि डॅशबोर्डवर एक पितळी पट्टी. फोर्डचं नाव, १९४४ साल, नंबर. चासीवरचा नंबर वेगळाच. पट्टीचे चारही स्क्रू नवे कोरे, स्टारचे. अशा पट्ट्या विकत मिळतात, हवा तो नंबर ठोकून.

"दलालानं लावली. गिऱ्हाइकाले पट्टी पायजे असते म्हणे," गुरुजी खाली बघत म्हणाले. "मले बी बरी दिसली. राहू देल्ली."

परतताना गाडीत मला 'मिलिंदप्रश्न' आठवला. राजा मिलिंद सांगतो की मी रथातून आलो. भिक्खू नागसेन विचारतो, मग रथ म्हणजे काय? दांडी? आस? चाकं? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्यांच्या आधारानं चालणारं 'रथ' हे एक नाव आहे. फार सुंदर आहे ते; पण नागसेनाला रथ विकायचा नव्हता.

विकायचा असला की काय होतं ते १९९०मध्ये लंडनच्या हायकोर्टात दिसलं. 'ओल्ड नंबर वन' नावाच्या बेंटलीनं १९२९ आणि १९३०ची ल मान्सची शर्यत जिंकली होती. पुढे तिचे भाग बदलत गेले, १९३२मध्ये ब्रुकलँड्सला अपघात होऊन ती पुन्हा बांधली गेली, आणि सौद्याच्या वेळी पहिल्या शर्यतीतला फार थोडा धातू तिच्यात उरला होता. गिऱ्हाईक म्हणालं, ही ती गाडी नव्हेच. न्यायमूर्ती ऑटन यांनी कारखान्यातून जशी निघाली तशी या अर्थानं तिला 'ओरिजिनल' म्हटलं नाही. पण तिचा इतिहास कुठेही तुटलेला नाही, म्हणून ती अस्सल 'ओल्ड नंबर वन'च, असं ठरवलं. मला हा निकाल पटतो. आमच्या सेवाग्रामला तर कोर्टाचीही गरज पडली नाही. बापूकुटीच्या मातीच्या भिंतींना वारंवार लिंपण लागतं. आत जाऊन 'यातली माती १९३६ची किती?' असं विचारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

या हिशेबानं ड्रमचा पत्रा अस्सल ठरतो. डिझेल इंजिनही. पेट्रोल न परवडण्याचा काळ या घरानं काढला आणि गाडीनंही काढला, त्याची ती खूण. अख्ख्या गाडीत खोटी वस्तू एकच, आणि ती नेमकी गाडी ओरिजिनल आहे असं सांगणारी.

म्हटलं तर सोपं होतं. अडचण दोन ठिकाणी होती. गुरुजींच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि पट्टीसकट गाडीचा भाव वेगळा, पट्टीशिवाय वेगळा. मित्र हौशी, पैसेवाला. त्याला ती पट्टी पाहून आनंदच झाला असता. खोटेपणा किमतीत असतो, असं मी स्वतःला समजावू लागलो. फसवलेल्याला तोटा जाणवला नाही तर कुणाचं काय गेलं?

पण दुसरी अडचण माझ्याच अंगणात उभी होती. माझ्या जीपलाही पितळी पट्टी आहे. आठ वर्षांपूर्वी मीच हौसेनं मागवून लावली. गाडी मला विकायची नाही, एक रुपयाही त्यातून मिळवायचा नाही. तरी गल्लीतली पोरं आली की मी त्यांना पट्टीवर बोट ठेवून '१९४५' दाखवतो. गाडी १९६८ची आहे. म्हणजे किमतीचा प्रश्न नव्हताच. पोरांना मी जे दिलं ते गाडीचं वय नव्हतं, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

मी मित्राला सगळं लिहिलं: चासी फोर्डची, नंबर जुळतो, जाळी फोर्डची, टप महिंद्राची, इंजिन डिझेल, पट्टी बाजारातली. पाठवण्याआधी पुलगावला फोन करून गुरुजींना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एक लिहा भाऊ. इंजन बदलवलं तवा बाबा सोता पाना धरून होते. ते बी लिहा." मी लिहिलं.

मित्रानं भाव बराच उतरवून सांगितला. गुरुजींनी अजून हो म्हटलेलं नाही, नाही असंही म्हटलेलं नाही. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि मी दुसरं गिऱ्हाईक शोधतोय, तेच कागद हातात घेऊन.

माझी पट्टी मी त्या रविवारी काढली. डॅशबोर्डला चार भोकं राहिली आहेत. पोरं विचारतात, इथे काय होतं?