दोर आणि मोगरी

उंच खुर्चीवर बसा. पाय लोंबकळू द्या. मांडीवर तळहात ठेवा. स्नायू सैल आहे, पण अगदी ढिला नाही. विश्रांतीतही कुणीतरी त्याला राखून आहे. तिथेच थोडं थांबा.

मेंदूतून एक चेतातंतू निघतो, मानेच्या वर बाजू बदलतो आणि मज्जारज्जूत उतरतो. तिथे त्याचा निरोप दुसरी पेशी घेते. तिचा तंतू थेट स्नायूपर्यंत जातो. वरची पेशी, खालची पेशी. हा रस्ता मनातल्या मनात सावकाश उतरा.

आता पिंप्राळा गावचा आषाढी एकादशीचा रथ डोळ्यांपुढे आणा. पुढे दोर ताणलेला, आणि चाकाशी वाकलेली माणसं लाकडी मोगरी लावतायत. दोर ओढतो, मोगरी आवरते. वरची पेशी हुकूम देते आणि आवरतेही. अर्धांगवायूत ती दुखावते. हात-पाय सुरुवातीला बहुधा लुळेच असतात. पुढे आवर सुटतो. स्नायू ताठरतात, गुडघ्याखाली हातोडी लागताच पाय जोरात उडतो, पाऊल झटक्याने वर दाबलं तर घोटा थडथडत राहतो.

खालची पेशी गेली तर दोरच तुटला. पाय लुळा, हातोडीला उत्तर नाही, पोटरी सुकत जाते. पोलिओ याच पेशीवर घाला घालायचा. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला, पण आधीच्या पिढीत बारीक राहिलेला पाय आजही भेटतो. त्या पायाला चटका कळतो, गारवा कळतो. हे ध्यानात असू द्या.

शेवटी तळव्याकडे या. तान्ह्या बाळाच्या तळव्याच्या बाहेरच्या कडेने टाचेकडून बोटांकडे बोट ओढलं, की अंगठा वर उठतो, बोटं पसरतात. वरचा तंतू अजून पुरता पिकलेला नसतो. साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत अंगठा खाली वळू लागतो. मोठ्या माणसाचा अंगठा असा वर उठला, तर दुखणं वरच्या पेशीचं. जोसेफ बाबिन्स्कीने 1896 मध्ये हे टिपलं. इतकी साधी आणि इतकी खरी तपासणी वैद्यकात मला दुसरी दिसत नाही.

घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना, जीभ जड झाली, तर तो अर्धांगवायू असू शकतो; मालीश करत बसू नका. घड्याळ पाहा आणि सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.