भिक्षुगीतेतील धनविचार

भागवताच्या अकराव्या स्कंधातील तेविसावा अध्याय भिक्षुगीता म्हणून ओळखला जातो. अवंती देशातील एका धनाढ्य ब्राह्मणाची कथा श्रीकृष्ण त्यात उद्धवाला सांगतात. ब्राह्मण व्यापार-उदिमावर श्रीमंत झालेला, पण कमालीचा कृपण. दारी आलेल्या अतिथीशी तो गोड शब्दही बोलत नसे. घरच्यांची हौसमौज दूरच, स्वतःच्या जिवालाही तो सुख लागू देत नसे. बायको, मुले, नोकरचाकर, सगळे त्याला विटले. पुढे धन गेले. काही आप्तांनी बळकावले, काही चोरांनी, काही राजाने नेले, काही काळाच्या ओघात नासले. मग स्वजनांनी पाठ फिरवली आणि त्याला विरक्ती आली.

या कथेतला क्रम महत्त्वाचा आहे. घरातला जिव्हाळा संपत्ती असतानाच आटला होता; दारिद्र्य आल्यावर ते दिसून आले एवढेच. आप्तही काही निर्दोष नाहीत. संधी मिळताच त्याच्या धनावर हात मारणाऱ्यांत तेही आहेत. लोभ एकाच्या मनात शिरतो तेव्हा त्याच्याभोवतीची माणसेही त्याच मापाने मोजू लागतात, हे कथाकाराने नेमके टिपले आहे.

पश्चात्तापाच्या भरात तो ब्राह्मण धनातून उपजणारे पंधरा अनर्थ मोजतो. चोरी, हिंसा, असत्य, दंभ, काम, क्रोध, गर्व आणि मद हे माणसाच्या स्वभावात घडणारे बिघाड आहेत. नंतर येतात भेद, वैर, अविश्वास आणि स्पर्धा. यांना दुसरा माणूस लागतो. घर फुटते ते यांनीच. शेवटी स्त्री, द्यूत व मद्य यांची व्यसने. काकिणीएवढ्या नाण्यासाठी भाऊ, पत्नी, आईबाप आणि मित्र क्षणात एकमेकांचे शत्रू होतात, असे तो म्हणतो. वीस कवड्यांची एक काकिणी होई. भांडणाला मोठी इस्टेट लागत नाही, हे वाटणीवरून अबोला धरलेल्या कोणत्याही घरात आजही दिसते.

धन मिळवताना कष्ट, मिळाल्यावर ते वाढवण्याची आणि राखण्याची चिंता, खर्चताना आणि गमावताना भय, असा त्याचा हिशेब आहे. सतत राखण करणाऱ्याला जवळ येणारा प्रत्येक जण काहीतरी मागायलाच आला आहे असे वाटू लागते. त्याच्या स्वभावाचा खरा ऱ्हास इथे होतो.

तरीही हा अध्याय धनालाच पाप ठरवत नाही. अर्थ हा चार पुरुषार्थांपैकी एक आहेच. देव, ऋषी, पितर, प्राणिमात्र, आप्तेष्ट आणि स्वतः मिळवणारा, हे सगळे धनाचे वाटेकरी मानले आहेत. त्यांना वाटा न देता जो यक्षासारखा नुसता पहारा देतो तो अधोगतीला जातो. वाटेकऱ्यांत मिळवणाऱ्यालाही धरले आहे, ही फार सहृदय सूचना आहे. कृपण माणूस आधी स्वतःलाच उपाशी ठेवतो.

हा विचार मराठीत घराघरांत नेला तो संत एकनाथांनी. अकराव्या स्कंधावरची त्यांची ओवीबद्ध टीका, एकनाथी भागवत, पैठणला सुरू होऊन इ. स. १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाली. एकनाथ स्वतः प्रपंचात राहिलेले गृहस्थ होते. पुढच्या शतकात तुकारामांच्या चरित्रात वाटणीचा वेगळा प्रसंग येतो. घराण्याच्या सावकारीची खते त्यांनी धाकट्या भावाशी, कान्होबांशी, वाटून घेतली. स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, भावाचा वाटा त्याच्याकडेच राहू दिला. आपली विरक्ती त्यांनी भावावर लादली नाही.

भिक्षू झालेल्या ब्राह्मणाला लोक पुढे छळतात, त्याची भिक्षा विटाळतात, दंड-कमंडलू हिसकावतात. तो मात्र सुखदुःखाचे कारण लोक, देव, ग्रह, कर्म किंवा काळ नसून मन आहे, अशी समजूत घालून शांत राहतो. आधी धनाला अनर्थाचे मूळ म्हणणारा तोच आता मनाकडे बोट दाखवतो. दोन्ही विधानांत विरोध नाही. धन लोभाला पोसते, पण त्याला थारा देते ते मन. म्हणून संपत्ती गेल्यावरही त्याला मनाचा निग्रह साधावाच लागला.