कोयनेसाठी मागणं

महाबळेश्वरा, तुझ्या माथ्यावर उगम पावलेल्या सावित्रीला तू पश्चिमेला कोकणात धाडलंस आणि कोयनेला दक्षिणेकडे. हेळवाकला तिला वळण देऊन तू तिची कऱ्हाडला कृष्णेशी भेट घडवलीस. आम्ही त्याच वळणाशी तिला अडवलं, सह्याद्री पोखरला आणि पोफळी-अलोऱ्याची वीजघरं फिरवून तिचं पाणी वाशिष्ठीत सोडलं. वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी घाटाखाली उतरवायचं, असं आम्हीच ठरवलं.

कोयनेच्या पाण्यावर १,९६० मेगावॉटची यंत्रं फिरतात. माझ्या घरातला दिवा तिचाच आहे, देवा, आणि मी तिचा ऋणी आहे. वीज परत घे, असं मी मागत नाही. तिच्यासाठी कोणाकोणाचं काय गेलं, ते आम्हाला विसरू देऊ नकोस.

धरणामागचा शिवसागर जलाशय भरला तेव्हा आधी खोऱ्याचा तळ बुडाला. सुपीक माती तिथेच होती, गावं तिथेच होती, जनावरांच्या पाणवठ्याच्या वाटा तिथूनच जात होत्या. पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे जमीन हादरली. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचा विषय निघाला, की जगभरचे अभ्यासक आजही कोयनेचं नाव घेतात. त्या पहाटे गेलेल्यांना तुझ्या पायाशी ठेव. उरलेल्या उतारांवरचं रान १९८५ मध्ये अभयारण्य झालं. तिथले गवे, अस्वलं, शेकरू सांभाळ.

पण माझा जीव अडकतो तो चढणीच्या माशांत. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी आलं, की अंडी घालायला ते वर निघतात. त्यांच्या वाटेत १०३ मीटरची भिंत उभी आहे. गाळ भिंतीमागे बसतो, खालच्या पात्राला मिळत नाही. खाली पाणी येतं ते शेतीच्या आणि विजेच्या वेळापत्रकाने, मृगाच्या हाकेने नव्हे. घाटाखाली वाशिष्ठीतही विजेची मागणी वाढली की पाणी चढतं, घटली की उतरतं, आणि गोड्या-खाऱ्या पाण्याच्या मेळावर जगणारी दाभोळची खाडी तिच्याच तोंडाशी आहे.

देवा, पाण्याची वाटणी करताना नदीचा वाटा आधी बाजूला काढायची बुद्धी आम्हाला दे. धरणाची दारं उघडणाऱ्यांना माशांच्या चढणीचे दिवस ठाऊक असू देत. आता सह्याद्रीत पाणी पुन्हा वर चढवून वीज करणाऱ्या उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे नकाशे पसरले आहेत. त्यांवर सही करणाऱ्यांना, सहीच्या आधी, एक अख्खा पावसाळा तिथल्या ओढ्यांच्या काठी राहू दे.