नव्या पुढाऱ्यास उपदेश

गावात नवा सरपंच निवडून आला की गळ्यातील हार सुकण्यापूर्वीच त्याच्या ओट्यावर उपदेश करणाऱ्यांची दाटी होते. असे का व्हावे? मत देऊन आपण आपला अधिकार पाच वर्षांकरिता दुसऱ्याच्या हाती सोपवितो; तो अगदीच सुटून जाऊ नये म्हणून उपदेशाची दोरी बांधू पाहतो. ह्यात वावगे काही नाही. शलमोनामागून रहबामास राजा करण्याकरिता इस्राएल लोक शखेमास जमले, तेव्हाच त्यांनी जू हलके करण्याची विनंती केली. परंतु ते जू त्यांच्याच मानेवर होते. आमचे तसे कोठे? गेल्या निवडणुकीनंतर मीही विहिरीतील गाळाविषयी सरपंचास पुष्कळ सांगून आलो. ग्रामसभेच्या दिवशी मात्र घरीच राहिलो. गाळ उपसावयास घमेले घेऊन कोण गेले, हेही मी विचारले नाही.