काटकसर कोणाच्या ताटातून?



पाच भाकरी आणि दोन मासे यांचा चमत्कार आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पाच हजार पुरुष जेवले, हे सर्वांच्या लक्षात राहते. परंतु संत योहान आपल्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पुढची गोष्टही सांगतो. सर्वजण तृप्त झाल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले आणि बारा टोपल्या भरल्या. पाच भाकरींत हजारोंना जेवू घालणाऱ्याला तुकड्यांची काळजी का असावी? कारण अन्न हे देवाचे दान आहे. दान कितीही विपुल असले, तरी ते टाकायचे नसते.

म्हणून काटकसर हा ख्रिस्ती सद्गुण आहे. मात्र काटकसर आणि कंजूषपणा यांत फरक आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने घर चालवण्याची विद्या आणि पैसा जमवण्याची विद्या वेगळ्या मानल्या. घर चालवणाऱ्याला गरजेची मर्यादा कळते. नुसता पैसा जमवणाऱ्याला मर्यादाच नसते. रानात मान्ना मिळाला, तेव्हाही ज्याने त्याने गरजेपुरताच गोळा करायचा होता. सकाळपर्यंत ठेवलेल्यात किडे पडले, असे निर्गमाच्या पुस्तकात वाचतो.

आता आपल्या घराकडे वळू. सोयाबीन आपल्या शिवारात पिकते, पण तेलाची पिशवी आपण दुकानातून आणतो. ती घेताना वजन वाचावे. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे. ते साधारण ९१० ग्रॅम भरते. काही पिशव्या तर त्याहूनही कमी वजनाच्या असतात, म्हणून नुसती किंमत पाहून स्वस्त-महाग ठरवू नये. पाकिटावर छापलेली किंमत ही कमाल किंमत असते. त्याहून कमीत मागण्यास हरकत नाही. तूर घरची असेल, तर वर्षाची डाळ बाजूला काढून मगच बाकीची बाजार समितीत न्यावी. नाहीतर जानेवारीत विकलेली तूर पावसाळ्यात डाळ होऊन, जास्त भावाने, आपल्याच घरी परत येते.

उधारीची वही हा तर सर्वांत महाग बाजार. अलिशा संदेष्ट्याकडे आलेल्या विधवेला आठवा. घरात तेलाचे एकच भांडे होते आणि सावकार मुलांना न्यायला टपला होता. तेल वाढल्यावर संदेष्ट्याने तिला आधी कर्ज फेडायला सांगितले आणि उरलेल्यावर मुलांसह गुजराण करायला सांगितले. चमत्कारानंतरही हिशेब चुकला नाही!

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्याची. २०१५ साली शासनाने वाशिमसह १४ जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना स्वस्त धान्य देणे सुरू केले. २०२३ साली धान्याऐवजी रोख रक्कम कुटुंबप्रमुख महिलेच्या खात्यात जमा करण्याचे ठरले. धान्य घरी आले की ते चुलीवरच जाते. पैशाला मात्र पाय फुटतात. ज्या घरी अशी रक्कम येते, तेथील पुरुषांना माझी कळकळीची विनंती आहे: तो पैसा नव्हे, ते गहू-तांदूळ आहेत असे समजा. त्याला पानटपरीची वाट दाखवू नका.

बचत दोन ठिकाणी मात्र करू नये. पहिले ठिकाण म्हणजे आईचे ताट. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातील ज्येष्ठ स्त्रीला शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख केले. कार्डावर तिचे नाव पहिले, पण ती जेवते सर्वांच्या शेवटी. वरण कमी पडले की तिचेच कमी पडते आणि आपण म्हणतो, घर काटकसरीने चालले आहे. ती काटकसर नव्हे, तिची उपासमार आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे आठवडी बाजारात जमिनीवर बसलेली भाजीवाली. सोयाबीनला भाव नाही म्हणून ज्या तोंडाने आपण हळहळतो, त्याच तोंडाने मेथीच्या जुडीमागे दोन रुपये तोडतो. पाकिटातल्या वेफर्सची छापील किंमत मात्र मुकाट्याने देतो. तिच्याही घरी चूल आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ५ जून २०१३ रोजी सांगितले होते की, अन्न फेकून देणे म्हणजे गरिबाच्या ताटातून चोरण्यासारखे आहे. आपल्या लग्नांच्या आणि बारशांच्या पंगती आठवून प्रत्येकाने आपले मन तपासावे.

या आठवड्यात एवढेच करू या. बाजाराला निघण्यापूर्वी घरातले डबे उघडून पाहू, यादी करू आणि यादीबाहेरचे काही आणणार नाही. जे पैसे वाचतील, त्यांतून मूठभर धान्य एखाद्या गरजू घरी पोचवू. आणि एक दिवस तरी घरातल्या आईला सर्वांच्या आधी वाढू.

नाझरेथच्या घरात पवित्र मरियेने सुताराच्या मिळकतीत संसार चालवला. तिची मध्यस्थी आपल्या चुलींना लाभो. आमेन.

आपला,
धर्मगुरू