सर्वांचा डाव, एकाचा हात

ज्या खेळांत सर्व खेळाडू एकाच पक्षाचे असतात आणि समोर प्रतिपक्षी म्हणून कोणी माणूस बसलेलाच नसतो, त्याला खेळ म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न आपल्या वाडवडिलांस चमत्कारिक वाटला असता. बुद्धिबळांत काळें आणि पांढरें, सोंगट्यांत आपली जोडी आणि परक्यांची जोडी, हा भेद त्यांनीं गृहीतच धरलेला होता. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत पाश्चात्त्य देशांत पटावरील सहकारी खेळांची जात भरभराटीस आली असून पुण्यामुंबईच्या घरांतूनही ती आतां दिसूं लागली आहे. मेजावर एका कल्पित अंतराळयानाचा पट मांडावयाचा. त्यावर बोटभर उंचीच्या, रेखीव बाहुल्या उभ्या करावयाच्या. प्रत्येकानें त्यांतली एक आपली म्हणावयाची. आणि पत्त्यांच्या जुडींतून निघणाऱ्या संकटांशीं सर्वांनीं मिळून झुंजावयाचें. तरले तर सर्व तरले, बुडाले तर सर्व बुडाले.

असा एखादा नवा खेळ बाहेर पडला कीं शौकिनांत दोन तट पडतात. एक तट बाहुल्यांच्या कारागिरीवर लुब्ध होतो, त्या रंगविण्यांत रात्री घालवितो, आणि डाव संपल्यावर घरांत कोणी रुसत नाहीं याचें कौतुक करितो. दुसरा तट विचारतो कीं, जिंकलों खरे, पण कोणाला? हरणारा कोणी नसेल तर जिंकण्यांत गोडी ती काय?

हा दुसरा आक्षेप दिसतो तितका भारी नाहीं. गड चढून जाणाऱ्याच्या आनंदाला कोणाच्या पराभवाची फोडणी लागत नाहीं. पंढरीच्या वाटेवर पहिला कोण पोंचला, हेंही कोणी विचारीत नाहीं. ज्या इंग्रज लेखकानें १८९८ सालीं मंगळावरील प्राण्यांची पृथ्वीवरील स्वारी वर्णिली, त्या एच. जी. वेल्सचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. १९११ सालीं त्यानें ‘फ्लोअर गेम्स’ हें पुस्तक लिहिलें. त्यांत मुलांसह जमिनीवर बेटें आणि नगरें रचण्याच्या खेळाचें वर्णन आहे. दोनच वर्षांनीं त्याच खोलींतल्या त्याच शिपायांच्या बाहुल्या समोरासमोर उभ्या करून त्यानें ‘लिटल वॉर्स’ मध्यें लुटुपुटीच्या लढाईचे नियम घालून दिले. बाहुल्या त्याच, एका खेळांत त्या नागरिक झाल्या, दुसऱ्यांत शत्रु. तेव्हां वैर हा खेळाचा प्राण नव्हे. तो केवळ एक अलंकार आहे.

खरा विचार करण्याजोगा आक्षेप तिसराच आहे, आणि तो या खेळांवर मनापासून प्रेम करणारांनींच काढलेला आहे. ते म्हणतात कीं, चौघे बसले असतां त्यांतला एक अधिक जाणता निघतो. तो प्रथम सल्ला देतो, मग आज्ञा करितो, आणि शेवटीं इतरांच्या बाहुल्या स्वतःच हलवूं लागतो. बाकीचे तिघे मान डोलवितात. डाव जिंकला जातो, परंतु खेळला एकट्यानेंच. सहकाराच्या नांवाखालीं एकतंत्री कारभार चालतो, आणि तो सर्वांच्या हिताकरितां चालत असल्यामुळें त्याच्याविरुद्ध ब्रही काढतां येत नाहीं.

हा रोग नवा नाहीं. महाभारतांतील द्यूतसभा आठवावी. पांडवांच्या बाजूस पांच भाऊ होते, पण फांसे टाकणारा हात एकाचाच होता. नकुल, सहदेव, अर्जुन आणि भीम हे चौघे एकही डाव न खेळतां हरले. त्यानंतर युधिष्ठिर स्वतःला हरला, आणि मग द्रौपदीला. युधिष्ठिर दुष्ट नव्हता. धर्म जाणणारा म्हणूनच त्याची ख्याति होती. म्हणूनच त्याला कोणी अडविलें नाहीं. द्रौपदीनें सभेला विचारलें कीं, जो आधीं स्वतःला हरला त्याला मला पणास लावण्याचा अधिकार उरला कसा? भीष्मासारख्यालाही त्याचें सरळ उत्तर देतां आलें नाहीं. भीमाला कंठ फुटला तो सर्वस्व गेल्यानंतर. मग तो त्या फांसे टाकणाऱ्या हातांनाच आग लावावयास उठला. ज्याला डाव चालूं असतां बोलण्याची संवय नसते, तो डाव संपल्यावर आगच मागतो.

खेळांच्या रचनाकारांनीं या रोगावर तीन तऱ्हेचे उपाय योजिले आहेत. पहिला घाईचा. २००८ सालच्या ‘स्पेस अलर्ट’ या खेळांत यानावरील संकटांचा बेत अवघ्या कांहीं मिनिटांत ठरवावा लागतो. दुसऱ्यास हुकूम देण्यास कोणास उसंतच मिळत नाहीं. दुसरा उपाय संशयाचा. २०१८ सालीं पोलंडमधील अवेकन रेल्म्स या संस्थेनें लोकवर्गणीच्या मार्गानें आणलेल्या ‘नेमेसिस’ मध्यें प्रत्येक खलाशाजवळ एक गुप्त हेतु असतो, आणि तो कधीं कधीं सोबत्याच्या जिवावर उठणारा असतो. मग दुसऱ्याची आज्ञा निमूटपणें पाळण्यास कोण धजणार? तिसरा उपाय मर्यादेचा. ‘हानाबी’ या खेळांत आपले पत्ते इतरांस दिसतात, आपणांस दिसत नाहींत. ‘द क्रू’ या अंतराळप्रवासाच्या खेळांत आपल्या हातांतील पत्त्यांविषयीं फारच थोडें सांगण्याची मुभा असते. घाईनें हुकूमशहाचें तोंड बंद होतें, पण विचारही बंद होतो. संशयानें स्वातंत्र्य मिळतें, पण तें सोबत्यांविषयींचा विश्वास विकून. तिसरा मार्ग मला थोर वाटतो. कारण तेथें प्रत्येकाजवळ असें कांहीं असतें कीं जें दुसरा त्याच्या वतीनें करूंच शकत नाहीं.

हें तत्त्व समजण्यास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. बोरी अरब हें यवतमाळ जिल्ह्यांत दारव्हा तालुक्यांत मोडणारें गांव. त्या सर्व विदर्भ प्रांतांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं मुलांचा तान्हा पोळा भरतो. चाकांवरचे लांकडी बैल सजवून मुलें एकत्र जमतात. एकट्या बैलाचा पोळा होत नाहीं. परंतु सर्व बैलांच्या दोऱ्या एकाच थोराच्या मुठींत दिल्या तर तोही पोळा राहणार नाहीं, तें खेळणीं विकणाराचें दुकान होईल. दोरी ज्याची त्याच्या हातांत आणि वाट सर्वांची एक, हाच सहकार.

१९०४ सालीं आपल्या देशांत सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला, तो कर्जानें पिचलेल्या शेतकऱ्यास आधार मिळावा म्हणून. महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्यानेंही हाच दंडक राखला कीं, भाग कितीही असोत, सभासदाचें मत एकच. कायदा मत देऊं शकतो. तें वापरण्याची संवय देऊं शकत नाहीं. वार्षिक सभेंत एकानें ठराव वाचावा आणि बाकीच्यांनीं हात वर करावे, असें जेथें चालतें, तेथें अध्यक्ष प्रामाणिक असला तरी संस्था दुबळी असते. कारण तो चुकेल त्या दिवशीं ती चूक ओळखणारा कोणीच तयार झालेला नसतो.

कोणी म्हणेल, खऱ्या वादळांत नावेला एकच तांडेल लागतो. तें खरें आहे. परंतु पट मांडून बसलेल्या घरांत वादळ नसतें. तेथें बुडालें तर एक लांकडी किंवा प्लास्टिकची बाहुली बुडते, आणि उद्यां ती पुन्हां उभी राहते. आठ वर्षांच्या मुलीला स्वतःच्या विचारानें चुकण्याची इतकी स्वस्त संधि आयुष्यांत पुन्हां क्वचितच मिळेल. तिची चाल चुकीची आहे हें वडिलांस दिसत असतें, हात पटाकडे जाऊं पाहतो. तो हात त्यांनीं मागें घेतला, तर त्या रात्रीं यान बुडेल कदाचित्; परंतु पुढें कधीं तिच्या वतीनें कोणी फांसे उचलूं लागला, तर ती सभा मोडण्याची वाट पाहणार नाहीं; डाव चालूं असतांच विचारील कीं, हा अधिकार तुम्हांस कोणी दिला?